ठो-ठो करणाराच आधी मरतो

मा. संपादक,

दुसऱ्या महायुद्धावरचे बंदुकीचे व्हिडिओ गेम म्हणजे 'नुसती ठो-ठो', असा सूर आपल्या पत्रस्तंभात उमटला. ठो-ठो करणारा या गेममध्ये फार तर अर्धा मिनिट टिकतो, हे त्यात लिहायचे राहिले. चवथीच्या सुट्टीत हे गेम घरोघरी पुन्हा सुरू होतील, म्हणून थोडे सविस्तर.

त्या काळातल्या रायफली मुळातच संथ. जर्मन 'कार ९८' रायफलीत पाच गोळ्या, आणि प्रत्येक गोळीनंतर बोल्ट, म्हणजे पुढची गोळी नळीत सरकवणारा खटका, हाताने ओढायचा. नेम चुकला की तेवढा वेळ समोरच्याला फुकट मिळतो. म्हणून गोळी आडोशाच्या कडेवरून झाडावी आणि बोल्ट आत सरकून ओढावा. ब्रिटिश ली-एनफील्डमध्ये दहा गोळ्या मावतात; नवशिक्याने हीच घ्यावी. अमेरिकन एम-१ गॅरंडला बोल्टची कटकट नाही, पण आठवी गोळी सुटली की रिकामी क्लिप, म्हणजे गोळ्या धरून ठेवणारी पत्र्याची पट्टी, 'टिंग' करून बाहेर उडते. २००३ च्या पहिल्या 'कॉल ऑफ ड्यूटी'त तर अर्धी वापरलेली क्लिप बदलताच येत नाही. दोन गोळ्या उरल्या असताना घरात घुसण्यापेक्षा त्या बाहेरच भिंतीवर झाडून नवी क्लिप भरलेली बरी. मशीनगन मिळाली म्हणून हुरळून जाऊ नये. 'एमजी ४२' ही जर्मन मशीनगन मिनिटाला सुमारे १२०० गोळ्या ओकते. ५० गोळ्यांचा पट्टा अडीच सेकंदांत संपतो. ती खिडकीच्या चौकटीवर टेकवून, बोट उचलत उचलत, तीन-चार गोळ्यांच्या झटक्यांनी चालवायची असते.

लांबचा नेम हे वेगळेच प्रकरण. 'हेल लेट लूज'सारख्या गेममध्ये गोळीला पोचायला वेळ लागतो. रायफलची गोळी सेकंदाला साधारण ७५० मीटर वेगाने सुटते. २०० मीटरवर धावणारा शत्रू ती पोचेपर्यंत दीडेक मीटर पुढे गेलेला असतो, तेव्हा बंदुकीची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, त्याच्यावर न धरता तेवढी पुढे धरावी. जुन्या गेममध्ये चाप दाबल्याक्षणी गोळी लागते. तिथे हीच सवय नडते.

आता सर्वांत मोठी तक्रार: 'गोळी लागूनही शत्रू मरत नाही' आणि 'भिंतीआड गेलो तरी मी मरतो'. लगेच नवे ग्राफिक्स कार्ड मागितले जाते. दोष बहुधा कार्डाचा नसतोच. गोळी झाडणाऱ्याला त्याच्या पडद्यावर जे दिसत होते ते खरे धरून, सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचा खेळ चालवणारा दूरचा संगणक, क्षणभर मागे जाऊन निकाल देतो. पिंग, म्हणजे संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, १५० मिलिसेकंद असेल तर तेवढ्या अवधीत धावणारा माणूस पाऊण मीटर सरकतो. तो स्वतःच्या पडद्यावर आडोशात पोचलेला असतो, शत्रूच्या पडद्यावर अजून उघड्यावर असतो. उपाय स्वस्त आहे. सर्व्हर मुंबईचा निवडावा, तो नसेल तर सिंगापूरचा. आणि वाय-फाय सोडून केबल लावावी. आपल्या जुन्या घरांच्या चिऱ्याच्या जाड भिंतींपुढे पाच गिगाहर्ट्झचे वाय-फाय हात टेकते. राउटर सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, आणि संगणक आतल्या खोलीत असला की पिंग क्षणाक्षणाला उड्या मारतो. पंधरा मीटर कॅट-६ नेटवर्क केबल कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

गरगरते, मळमळते, अशीही तक्रार असते. डोळ्यांना धावणे दिसते, पण कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की आपण खुर्चीत बसलो आहोत. पडद्याजवळ बसून सेटिंगमधला एफओव्ही, म्हणजे पडद्यावर किती रुंद दृश्य दिसते तो कोन, ६५ अंशांवर ठेवला की हा विसंवाद वाढतो. तो ८५-९० करावा, मोशन ब्लर, म्हणजे हालचालीत चित्र धूसर करणारा परिणाम, आणि डोके हलण्याचा परिणाम बंद करावा. तरीही गरगरले तर त्या दिवशी खेळ थांबवावा. ताणून उपयोग नाही. माउसचा वेग मात्र बहुतेक जण फार ठेवतात. पॅडवर ३० ते ३५ सेंटिमीटर सरकवल्यावर गेममधल्या सैनिकाची पूर्ण गिरकी व्हावी, एवढाच ठेवावा, आणि विंडोजमधले 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन', म्हणजे हात वेगाने हलला की बाण जास्त सरकवणारी सोय, बंद करावे. नाहीतर हात तेवढाच हलला तरी नेम दर वेळी वेगळ्या ठिकाणी जातो.

जाता जाता एक. नॉर्मंडीचा किनारा तोंडपाठ असणाऱ्या मुलांना आपल्या गोव्यातल्या मुरगावचे सांगायला हवे. महायुद्धात तटस्थ पोर्तुगीज बंदर म्हणून तीन जर्मन आणि एक इटालियन जहाज तिथे आसऱ्याला थांबले होते. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या ब्रिटिश तुकडीने त्यांतल्या 'एरेनफेल्स' या जर्मन जहाजावर छापा घातला, आणि खलाशांनी आपली जहाजे स्वतःच बुडवली. यावर गेममध्ये नकाशा बनवला, तर जहाजाच्या अरुंद बोळांत कार ९८ घेऊन शिरणारा पहिल्याच वळणावर आटपेल; तिथे स्टेनगन, म्हणजे आखूड नळीची झटपट गोळ्या झाडणारी बंदूकच हवी.

राहिली वीज. पावसाळ्यात ती क्षणभर जरी गेली तरी संगणक बंद पडतो आणि चाळीस मिनिटांची लढाई वाया जाते. वीज गेल्यावर बॅटरीवर संगणक चालवणारा यूपीएस ६०० व्हीए क्षमतेचा असला तर तो देतो जेमतेम ३६० वॉट. गेम चालू असताना संगणकच ३००-४०० वॉट खातो, मग यूपीएस किंचाळून बंद पडतो. संगणकाला किमान १००० व्हीएचा घ्यावा आणि राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस वेगळा ठेवावा. वीज गेली की सेनापतीची जागा दुसऱ्याला देऊन बाहेर पडण्याएवढी मिनिटे त्यात मिळतात.

— तिघे खेळाडू, फोंडा