आर्नो बाबाजान्यान यांच्याविषयी, मुलीस

सांगली,
रविवार

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानमध्ये, ऑपेरा हाउसशेजारी, हंसांच्या तळ्याजवळ, पियानोवर बसलेल्या लांब बोटांच्या आणि मोठ्या नाकाच्या माणसाचा पुतळा आहे, तो कोणाचा, असे तू छायाचित्र पाठवून विचारले होतेस. उत्तराला आठ दिवस लागले, याचे कारण असे की त्या माणसाचे नाव मला गेली अनेक वर्षे ठाऊक होते, पण त्यांच्याविषयी मला जे ठाऊक होते ते अर्धेच होते, हे तुझ्या प्रश्नामुळे प्रथमच कळले.

ते आर्नो बाबाजान्यान. आपल्या कपाटात खालच्या कप्प्यात 'मेलोदिया' कंपनीची एक ध्वनिमुद्रिका आहे. ती मी 1986 साली कोल्हापुरात सोव्हिएत पुस्तकांच्या प्रदर्शनातून, केवळ कुतूहलापोटी, विकत घेतली होती. तिच्यावर त्यांचे पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांच्यासाठी रचलेले त्रिवाद्य आहे. पियानोवर स्वतः बाबाजान्यान, व्हायोलिनवर दाव्हिद ओइस्त्राख आणि चेलोवर स्व्यातोस्लाव क्नुशेवित्स्की. ही रचना 1952 सालची. आरंभी व्हायोलिन आणि चेलो एकच संथ, जड पावलांची सुरावट मिळून गातात, आणि पुढे तीच सुरावट तिन्ही भागांत वेगवेगळ्या रूपांत परत येत राहते. तू लहान असताना रात्री उशिरा मी ही ध्वनिमुद्रिका लावत असे, आणि मधल्या भागात व्हायोलिन उंच स्वरात एकटी गाऊ लागली की तू झोपेतून उठून दाराशी येऊन उभी राहत असस. तुला ते आठवत असेल की नाही, मला सांगता येणार नाही, पण मला ते दार अजून दिसते.

त्यांचा जन्म 1921 च्या जानेवारीत येरेवानमध्येच झाला. वडील गणिताचे शिक्षक होते. असे सांगतात की आर्नो पाच-सहा वर्षांचे असताना बालवाडीत आराम खाचातुर्यान, पुढे नामांकित संगीतकार झालेले, आले होते, त्यांनी या मुलाची लयीची समज पाहिली आणि याला संगीतच शिकवा असे सांगितले. खाचातुर्यान तेव्हा स्वतः विद्यार्थिदशेत होते, हे लक्षात घेतले म्हणजे या गोष्टीला वेगळाच रंग चढतो. सातव्या वर्षी आर्नो येरेवानच्या संगीत विद्यालयातील गुणी मुलांच्या वर्गात दाखल झाले, 1938 साली मॉस्कोला ग्नेसिन संगीत विद्यालयात गेले, आणि पुढे मॉस्को कॉन्झर्वेटरीत कॉन्स्तान्तिन इगुम्नोव यांच्याकडे पियानो शिकून 1948 साली बाहेर पडले. त्याच वर्षी सोव्हिएत सत्तेने शोस्ताकोविच, प्रोकोफिएव आणि खाचातुर्यान यांच्यासारख्या संगीतकारांवर, त्यांचे संगीत सामान्य लोकांना कळत नाही असा, जाहीर ठपका ठेवला. ज्यांच्याकडे बाबाजान्यान रचनाशास्त्र शिकले होते त्या व्हिस्सारियोन शेबालिन यांनाही त्या कॉन्झर्वेटरीचे संचालकपद गमवावे लागले. आपल्या गुरुजनांना खाली मान घालून उभे राहावे लागताना पाहणाऱ्या सत्तावीस वर्षांच्या तरुणाने लोकांना कळेल असे संगीत लिहायचे ठरवले असेल, तर ते भीतीपोटी की मनापासून, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. मी त्यांची पुढची तीस वर्षे ऐकून पाहिली आणि माझे मत असे झाले आहे की ते मनापासूनच होते.

येरेवानला परतून त्यांनी 1950 पासून काही वर्षे कॉन्झर्वेटरीत शिकवले. त्याच वर्षी पियानो आणि वाद्यवृंदासाठी 'वीरगाथा' रचली, जिला पुढच्या वर्षी स्टालिन पारितोषिक मिळाले, आणि मित्र अलेक्सांदर हारुत्युन्यान यांच्याबरोबर दोन पियानोंसाठी 'आर्मेनियन रॅप्सोडी' लिहिली. मग ते त्रिवाद्य, 1959 साली शोस्ताकोविच यांना अर्पण केलेला व्हायोलिन सोनाटा, 1962 साली चेलोवादक रोस्त्रोपोविच यांच्यासाठी चेलो कन्चेर्तो, म्हणजे चेलो आणि वाद्यवृंदाची रचना. पियानोसाठी 1965 साली लिहिलेल्या 'सहा चित्रां'पाशी तर मी अडखळलोच. तिथे त्यांनी बारा स्वरांची युरोपीय पद्धत वापरली आहे. सप्तकातील बाराही स्वर एका ठरावीक ओळीने घ्यायचे, आणि कोणालाही मोठेपण द्यायचे नाही, अशी ती पद्धत. आपल्यासारख्या षड्जाला धरून चालणाऱ्या माणसाला ती परकी वाटते. तरीही शेवटचे चित्र सासून प्रांतातील नृत्याचे आहे, आणि तिथे त्या बारा स्वरांच्या शिस्तीतूनही डोंगरी माणसांचे पाय जमिनीवर आपटताना स्पष्ट ऐकू येतात.

इथपर्यंतचे बाबाजान्यान मला थोडेफार ठाऊक होते, किंवा निदान ते कसे असतील याची कल्पना होती. तुझ्या प्रश्नानंतर शोध घेऊ लागलो तेव्हा समोर आले ते हे, की ज्या वर्षी 'सहा चित्रे' लिहिली त्याच सुमारास याच माणसाने 'सौंदर्याची राणी' हे गाणे लिहिले, ज्यावर साऱ्या सोव्हिएत संघातील तरुण मुले-मुली नाचत होती. आणि त्याच्या एक वर्ष आधी, मॉस्कोविषयीचे 'पृथ्वीवरील सर्वोत्तम शहर' हे गाणे चक्क ट्विस्ट या पाश्चात्त्य नाचाच्या ठेक्यावर बांधले. 1958 सालच्या 'पहिल्या प्रेमाचे गाणे' या आर्मेनियन चित्रपटाला लाझार सार्यान यांच्यासह त्यांचेच संगीत होते, आणि येरेवानवरची त्यांची गाणी तुझ्या तिथल्या वृद्ध शेजाऱ्यांना आजही पाठ असतील. रोबेर्त रोझ्देस्तवेन्स्की आणि येव्तुशेन्को यांच्यासारख्या कवींचे शब्द त्यांनी घेतले. त्यांचा सर्वांत जवळचा गायक मुस्लिम मागोमायेव हा बाकूचा, म्हणजे अझरबैजानी होता. 2020 च्या आर्मेनिया-अझरबैजान युद्धात मुले गमावलेल्या घरांच्या शहरात तू राहतेस, म्हणून हे मुद्दाम लिहितो: एका आर्मेनियन माणसाच्या चाली एका अझरबैजानी गळ्यातून सगळ्या देशाने ऐकल्या, आणि त्या दोघांत स्नेह होता.

ही गाणी मी एकेक करून ऐकली. पहिल्या दिवशी, खरे सांगतो, मी नाराज झालो. दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन बसलो आणि 'तुझा आभारी आहे' या 1973 च्या गाण्याची चाल वाजवू लागलो, तेव्हा त्रिवाद्याच्या मधल्या भागातील तीच लांब श्वासाची चढण बोटांखाली आली. हा माणूस शास्त्रीय संगीतातून वेळ काढून हलकी गाणी लिहीत नव्हता. गाण्याची चालही तो त्याच कानाने, तितक्याच कसोशीने बांधत होता.

आता जे लिहायचे आहे त्यासाठी मी हे पत्र हाताने लिहायला घेतले. तू नववीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात यमनाचा ख्याल सोडून एक चित्रपटगीत म्हटलेस. सभागृहाने ते तुला पुन्हा म्हणायला लावले, आणि मी मागच्या रांगेतून उठून बाहेर निघून गेलो. घरी आल्यावर मी तुला रागावलो नाही, पण चार दिवस तुझ्याशी बोललो नाही, जे रागावण्यापेक्षा वाईट होते. त्यानंतर तू तानपुरा पुन्हा लावला नाहीस. मी तेव्हा ते गाणे ऐकलेच नव्हते, मुक्ता; ते चित्रपटातले आहे एवढेच ऐकले होते. माझे चुकले, आणि ते सांगायला मला इतकी वर्षे लागली याचेही मला वाईट वाटते.

तू रक्ताच्या विकारांचा अभ्यास सुरू केल्याचे फोनवर म्हणाली होतीस, म्हणून आणखी एक गोष्ट. बाबाजान्यान यांनी तिशी नुकतीच ओलांडली होती, त्रिवाद्य नुकतेच पूर्ण झाले होते, तेव्हा त्यांना रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. त्या काळात त्या निदानाचा अर्थ काय होता, हे मला तुला सांगायला नको. त्यानंतर ते सुमारे तीन दशके जगले. सोनाटा, चेलो कन्चेर्तो, 'सहा चित्रे', शोस्ताकोविच यांच्या स्मृत्यर्थ लिहिलेले तिसरे तंतुवाद्य-चतुष्टय आणि ती सारी नाचाची गाणी, हे सर्व त्या निदानाच्या नंतरचे आहे. 1971 साली त्यांना सोव्हिएत संघाचा 'जनतेचा कलावंत' हा कलावंतांसाठीचा सर्वोच्च किताब मिळाला. 1978 साली खाचातुर्यान गेले, तेव्हा त्यांनी अठराव्या शतकातील शाहीर सायात-नोव्हा यांच्या एका गीताची चाल घेऊन पियानोसाठी 'एलेजी', म्हणजे शोकगीत, लिहिली. बालवाडीत ज्याने आपल्याला ओळखले त्याला निरोप द्यायचा, तर त्यांनी स्वतःची सुरावट घेतली नाही, दोघांच्याही आधीपासून लोकांच्या तोंडी असलेली घेतली. तीन-चार मिनिटांची रचना आहे. तिच्यात एकही स्वर जास्तीचा नाही. 1983 साली, बासष्टाव्या वर्षी, ते गेले.

तू ज्या पुतळ्याचे छायाचित्र पाठवलेस तो दाव्हिद बेजान्यान यांनी घडवला आहे. तो बसवला तेव्हा नाक आणि बोटे अशी अवाजवी का केली, यावरून तिथे मोठा वाद झाला होता. मला तो आवडला, कारण त्या बोटांकडे पाहिल्यावर हा माणूस वाजवत असताना त्याच्या देहात दुसरे काही उरत नसणार, हे पटते.

एक काम सांगतो. अबोव्यान रस्त्यावर त्यांच्या नावाचे संगीत सभागृह आहे. परीक्षा संपली की तिथे त्रिवाद्याचा कार्यक्रम कधी असतो याची चौकशी कर, आणि असेल तर जा. शेवटचा भाग पाच मात्रांचा आहे, आपल्या झपतालाचे अर्धे आवर्तन म्हण, पण गती इतकी तेज की टाळी धरायला सवड मिळत नाही. लहानपणी शिकवले होते तसे मांडीवर बोटांनी मोजून पाहा. मला ते कधी दोन-तीन वाटते, तर कधी तीन-दोन. तुला काय ऐकू आले ते रविवारी फोनवर सांग, आणि नववीतल्या त्या गाण्याचे शब्दही सांग. मी पेटीवर चाल बसवली आहे, पण अंतरा अडतो आहे.

तुझे,
बाबा