टायर न उघडताच निकाल कसा काय देता?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

ऊसाचा सीझन सुरू झाला की आपल्या जिल्ह्यात पंक्चरवाल्यांचाही सीझन सुरू होतो, हे काय नव्यानं सांगायला नको. बैलांच्या पत्रीचे खिळे, ट्रॉलीचे नटबोल्ट, तारेचे तुकडे, सगळं रस्त्यावर. साध्या गाडीला त्याचं एवढं काय नाही, शंभर-दीडशे द्या, सुईनं पट्टी भरून घ्या आणि चला. पण हल्ली पुण्या-मुंबईच्या सेकंड हँड बीएमडब्ल्यू, मिनी, मर्सिडीज आपल्याकडं बऱ्याच दिसायला लागल्यात, त्यातल्या कितीतरी गाड्यांना रनफ्लॅट टायर (हवा गेली तरी काही अंतर चालणारे) असतात आणि मालकाला ते पहिलं पंक्चर होईपर्यंत माहीतच नसतं. डिकी उघडावी तर आत स्टेपनीच नाही. मग घोळ सुरू, पंक्चर काढायचं का टायरच बदलायचा?

याचं उत्तर आपल्याकडं दोन ठिकाणी मिळतं आणि दोन्हीकडं टायर न उघडताच मिळतं. हायवेवरचा पंक्चरवाला म्हणतो काय होत नाय साहेब, पट्टी मारतो. मोठ्या वर्कशॉपात गेलं की काउंटरवरचा पोरगा कॉम्प्युटरमधनं मान वर न काढता सांगतो, सर रनफ्लॅट रिपेअर होत नाही, नवीन टाकावा लागेल, आणि एक नाही, जोडी टाका. जोडी म्हणजे चाळीस-पन्नास हजार की हो. माझं म्हणणं एवढंच आहे की दोघांपैकी कोणीही बरोबर असू शकतो, पण टायर रिमवरनं उतरवून आत बॅटरी मारून बघितल्याशिवाय ते कळायला मार्गच नाही.

का ते सांगतो. साध्या टायरची हवा गेली की टायर बसतो, रिम जमिनीला टेकायला येते, गाडी एका बाजूला ओढते, लहान पोराला पण कळतं. रनफ्लॅटच्या बाजूच्या भिंती मुद्दाम जाड आणि कडक रबराच्या केलेल्या असतात, हवा शून्य झाली तरी गाडीचं वजन त्या भिंतीच उचलून धरतात. त्यामुळं बाहेरनं टायर उभाच दिसतो आणि स्टेअरिंगवर पण काही खास जाणवत नाही, म्हणून तर या टायरबरोबर गाडीत हवा कमी झाली की दिवा लावणारी सिस्टीम लागतेच. साधारण ८० किलोमीटर, ते पण ताशी ८० च्या आत, एवढं चालायची मुभा असते. पण गाडी भरलेली असेल, ऊन असेल तर तेवढ्याचाही भरवसा धरू नये. सांगलीतनं कोल्हापूर त्यात बसतं. साताऱ्यातनं पुणं शंभराच्या वर आहे आणि मध्ये खंबाटकी, ते बसत नाही. आणि हे जे ८० आहे ते टायर स्वतःला झिजवून देतो, फुकट देत नाही. हवा नसताना चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ती भिंत दबते, सुटते, परत दबते, त्यात भयंकर गरम होते आणि आतलं रबर सुटायला लागतं. बाहेर त्यातलं काही दिसत नाही.

आमच्या दाजींच्या गाडीचं उदाहरण देतो. आष्ट्याच्या अलीकडं दिवा लागला, गाडी मात्र लोण्यासारखी चाललेली, रात्रीची वेळ, घरात माणसं बसलेली, कुठं थांबणार, दाजींनी तशीच सांगलीपर्यंत आणली. दुसऱ्या दिवशी टायर बघितला तर नवाकोरा वाटावा असा, पट्ट्यात, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागात, मधोमध एक बारका खिळा. पंक्चरवाला पट्टी घेऊन तयारच होता. मी म्हटलं आधी उतरवा. उतरवला तर आतनं मूठभर काळा भुगा पडला, आणि भिंतीच्या आतल्या बाजूला गोल फिरत गेलेला एक पट्टा, तिथं रबराला सुरकुत्या आलेल्या, अंगठ्यानं चोळलं की अजून कण सुटत होते. तो टायर तिथंच ठेवून आलो, त्याला कुठलंच पंक्चर काढून उपयोग नव्हता. पुढं काही महिन्यांनी त्याच गाडीच्या दुसऱ्या टायरला तसाच खिळा, तसाच मधोमध. पण या वेळी स्क्रीनवर हवा ३३ ची २६ झालेली दिसली तेव्हाच दाजी पंपावर थांबले, हवा भरली आणि सरळ दुकानात. उतरवला, आत एकदम स्वच्छ, रबर तुकतुकीत. त्याला आतनं मशरूम पॅच बसवला, तो टायर आजही त्या गाडीखाली आहे. दोन्ही टायर बाहेरनं शेजारी शेजारी ठेवले असते तर वर्कशॉपवाल्या पोराला काय, कंपनीच्या इंजिनिअरला पण फरक सांगता आला नसता.

मशरूम पॅच म्हणजे खिळ्याच्या भोकातनं रबराची दांडी बाहेर ओढायची आणि आतनं त्याची टोपी चिकटवून रोलरनं दाबायची. भोकही भरतं आणि आतला थरही बंद होतो. बाहेरनं मारलेल्या पट्टीत आतला थर तसाच उघडा राहतो, भोकातनं पाणी शिरलं की आतल्या स्टीलच्या तारा गंजतात. घरी पोचायला पट्टी मारली तर मी काही त्या पंक्चरवाल्याला नावं ठेवणार नाही, रात्री अकराला पेठ नाक्यावर तोच देव असतो. पण ती मारून पुढं वर्षभर हायवेला १२० नं पळवू नका एवढंच.

पॅच कुठंही बसतो असं पण नाही हां. भोक पट्ट्याच्या मधल्या भागात पाहिजे आणि ६ मिलिमीटरच्या आत पाहिजे. खांद्याला (पट्टा आणि भिंत जुळतात तिथं) किंवा भिंतीला खिळा लागला असेल तर विषय संपला, मग रनफ्लॅट असो का साधा. आधीच्या पॅचला लागून दुसरं भोक असेल तरी नाही. आणि कंपन्यांचं धोरण एकसारखं नाही, कुणी अटी घालून रिपेअरला हो म्हणतं, कुणी सरळ नको म्हणतं, त्यामुळं तुमच्या टायरवर काय लिहिलंय ते बघा, ब्रिजस्टोनवर आरएफटी, मिशेलिनवर झेडपी, कॉन्टिनेंटलवर एसएसआर असतं, आणि त्या कंपनीचं काय म्हणणं आहे ते दुकानदाराला दाखवायला सांगा. "होत नाही" एवढं तोंडी ऐकून पन्नास हजार काढून देऊ नका.

अजून एक गोष्ट लोकांना कुणी सांगत नाही. हवेचा दिवा दोन प्रकारचा असतो. एकात प्रत्येक चाकात सेन्सर असतो, तो आकडा दाखवतो. दुसऱ्यात सेन्सर नसतोच, ब्रेकच्या एबीएस सिस्टीमवरनं चाक किती वेगानं फिरतंय याचा अंदाज घेऊन नुसता दिवा लावतात, बऱ्याच बीएमडब्ल्यूला हाच आहे. मग हवा २५ होती का शून्य हे तुम्हाला कळतच नाही, आणि अशा गाडीचा टायर तर उघडून बघितल्याशिवाय रिपेअरला देऊच नये. सेन्सरवाला असेल तर उतरवताना तो वॉल्व्हपाशी असतो हे मेस्त्रीला आधी सांगा, नाहीतर पंक्चरपेक्षा सेन्सर महागात जातो. टामी (लोखंडी पट्टी) घालून उचकटणाऱ्याकडं तर हा टायर द्यायचाच नाही, भिंत कडक असल्यामुळं त्याला टायर दाबून धरणारा जास्तीचा हात (हेल्पर आर्म) असलेली मशीन लागते, टामीनं कड फाटली की चांगला टायर पण गेलाच.

बदलायचाच झाला तर जोडीचं म्हणणं अगदीच खोटं नाही. एका ॲक्सलवर एक नवाकोरा आणि एक झिजलेला बरा नाही, चारही चाकं ओढणाऱ्या गाडीला तर अजिबात नाही. पण शेजारचा टायर जेमतेम झिजलेला असेल तर तसलाच एक घेऊन भागतं, गेज लावून खोली मोजायला सांगा. उलट पट्ट्यावरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या जवळ आली असेल तर पॅचचे चारशे पण घालवू नका. एक रनफ्लॅट एक साधा असं मिसळू नका. चारही साधे टाकणारे बरेच आहेत, गाडी मऊ चालते आणि स्वस्त पण पडतं, फक्त मग स्टेपनी नाहीतर पंप आणि किट डिकीत पाहिजे. २०२० पासून नियमच आहे की ट्यूबलेस टायर, हवेचा दिवा आणि रिपेअर किट असेल तर कंपनीनं स्टेपनी नाही दिली तरी चालतं, त्यामुळं भांडून स्टेपनी मिळणार नाही. आणि काढलेले जुने रनफ्लॅट निम्म्या किमतीत विकणारे आता आपल्याकडं पण आलेत, तो टायर आधीच्या मालकानं हवेशिवाय किती पळवला ते फक्त आतनं कळतं, आणि विकणारा तो तुम्हाला बाहेरनं पॉलिश मारून दाखवतो.

तेव्हा आपल्या पेपरामार्फत सांगली-मिरज आणि साताऱ्याकडच्या टायर दुकानदारांना विनंती आहे की रनफ्लॅट आला की आधी उतरवायचे पैसे घ्या, शंभर जास्त घ्या, पण गिऱ्हाइकाला समोर उभं करून टायरची आतली बाजू दाखवा आणि मग काय ते सांगा. आणि कारखान्यांनी सीझन संपल्यावर निदान गेटपासून मुख्य रस्त्यापर्यंतचे खिळे तरी चुंबक फिरवून उचलावेत, ते काय फार खर्चाचं काम नाही.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली