पाऊस शिवारात पडतो, मोजला जातो मंडळात

संपादक महोदय,

कालच्या अंकात हवामान बदल आणि शेती या विषयावरचा लेख वाचला. लेखकांचा अभ्यास दांडगा आहे, त्याबद्दल आदरच आहे. पण 'शेतकऱ्याने आता मानसिकता बदलली पाहिजे' हे वाक्य दुसऱ्यांदा आले तेव्हा पेपर बाजूला ठेवला आणि पत्र लिहायला बसलो.

मी निलंगा तालुक्यातला अडीच एकर कोरडवाहू रानाचा शेतकरी. बियाणे घरचे राखतो, गोणपाटावर उगवण तपासतो, रुंद सरी वरंब्यावर सोयाबीन पेरतो, मधे तुरीच्या ओळी टाकतो. लेखात सांगितलेल्या उपायांपैकी ज्याला पैसा लागत नाही ते सगळे आमच्या गावात लोक करतातच. आमची मानसिकता बदलून जमाना झाला. पाऊस मोजायची सरकारची रीत तेवढी जुनी राहिली आहे, आणि त्याबद्दल अख्ख्या लेखात एक ओळ नाही.

२०२४ मध्ये गौरी विसर्जनानंतरच्या रात्री आमच्या शिवारात पाऊस झाला. शेंगा भरत आल्या होत्या. दोन-अडीच तासांत ओढ्याने पात्र सोडले. सकाळी रानात गेलो तर खालच्या अंगाचे सोयाबीन भुईसपाट झालेले, त्यावर बोटभर गाळ, बांधाचे दगड शेजाऱ्याच्या रानात. पुढे त्या पट्ट्यातल्या शेंगांना जागेवरच कोंब फुटले. आमच्या शाळेतल्या गुरुजींनी मुलांना शिकवण्यासाठी पर्जन्यमापक बसवलेला आहे. त्यात त्या रात्रीचा पाऊस ९४ मिलिमीटर भरला. मुलांनी तो वहीत लिहून ठेवला, खाली गुरुजींची सही.

महसूल मंडळाच्या (पंधरा-वीस गावांच्या गटाच्या) गावी, म्हणजे आमच्यापासून अकरा किलोमीटरवर, सरकारी यंत्रात त्याच रात्रीची नोंद ४१ मिलिमीटर. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर भरला तरच अतिवृष्टी, आणि तो भरायचा मंडळाच्या यंत्रात. आमच्या मंडळाचे नाव अतिवृष्टीच्या मदतीच्या यादीत आले नाही. मी वहीच्या पानाची झेरॉक्स घेऊन कार्यालयात गेलो. तिथे सांगण्यात आले की, शाळेच्या मापाला मान्यता नाही. बरे, मान्यता नाही तर माणूस पाठवून रान बघा, गाळ तर वाहून गेलेला नाही. त्यावर उत्तर मिळाले की, मंडळ यादीत नसताना पंचनामा करता येत नाही.

ओढ्याच्या पलीकडे माझ्या साडूंचे रान आहे. ओढा हीच दोन मंडळांची हद्द. ढग तोच, पाणी तेच, त्यांच्या रानात गाळ माझ्यापेक्षा कमी. त्यांचे मंडळ यादीत आले आणि त्यांच्या खात्यावर पैसे जमा झाले. त्यांना मिळाले याचे मला वाईट वाटलेले नाही, त्यांचेही नुकसान खरेच होते. पण दिवाळीला दोघे एका पंगतीला बसलो तेव्हा त्यांनाच अवघडल्यासारखे झाले होते. पाहुण्या-पाहुण्यांत असला अवघडपणा का यावा?

नंतर मी ते सरकारी यंत्र मुद्दाम जाऊन पाहिले. तारेच्या कुंपणात उभे आहे आणि शेजारच्या लिंबाच्या फांद्या त्याच्यावर आलेल्या आहेत. पर्जन्यमापक मोकळ्या जागी हवा, झाड असलेच तर त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हवे, हे आमच्या गुरुजींनी पोरांना शिकवलेले आहे. ज्या आकड्यावर पंधरा-वीस गावांचे नशीब ठरते, त्या यंत्रावरची फांदी छाटायला कुणाला वेळ नाही.

हवामान बदलाशी याचा काय संबंध, असे कुणी विचारील. सगळा संबंध इथेच आहे. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. मग पाऊस आठ-आठ दिवस भिजवत न पडता एका रात्रीत ओतून जातो आणि पुढे तीन आठवडे तोंड दाखवत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी कॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. याच लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी फुलोऱ्यात सोयाबीन माना टाकून बसले. आणि २०२५ च्या सप्टेंबरात मांजरा, तेरणा, सीना या नद्यांनी काय केले ते आपल्याच अंकात पानेच्या पाने आले आहे.

पाऊस असा तुकड्या-तुकड्यांत पडायला लागल्यावर मापही बारीक व्हायला हवे, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. लातूर जिल्ह्यात मंडळे ६० आणि गावे नऊशेहून अधिक. एका गावात पीक वाहून जाते आणि पलीकडच्या गावात फवारणी चालू असते, हे आम्ही दर पावसाळ्यात पाहतो. केंद्र सरकारने २०२३ मध्ये 'विंड्स' नावाची योजना आणली, तीत प्रत्येक ग्रामपंचायतीत स्वयंचलित पर्जन्यमापक बसवायचे ठरले. आमच्या ग्रामपंचायतीत त्याचा खांबसुद्धा उभा राहिलेला नाही. मोठ्या बागायतदाराची जमीन तीन गावांत असते, एका ठिकाणी गेले तर दुसरीकडे हाती लागते. माझे सगळे एका ओढ्याकाठी आहे. राज्यात सरासरी जमीनधारणा २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार १.३४ हेक्टर. म्हणजे माझ्यासारखेच जास्त.

विम्याचीही तीच तऱ्हा. एक रुपयातला पीक विमा गैरप्रकार झाले म्हणून बंद केला. केला तर केला, गैरप्रकार करणाऱ्यांना शिक्षा करा. पण त्याबरोबर पेरणीच न होणे, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचे नुकसान ही चारही कलमे २०२५ च्या खरिपात काढून टाकली. त्या खरिपात भरपाई राहिली फक्त उत्पादनावर, आणि तोही हिशेब मंडळाचाच. तुलना करायची ती उंबरठा उत्पादनाशी, म्हणजे ज्याच्या खाली उत्पादन गेले तरच भरपाई मिळते त्या आकड्याशी. ते काढतात मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून, त्याला पुन्हा सत्तर टक्क्यांची कात्री. सातांत वाईट वर्षे दोनच असतील तर ती वगळली जातात आणि हिशेब ठीक बसतो. पण वाईट वर्षे चार झाली की त्यांतली दोन चांगल्यांत धरावी लागतात. उंबरठा खाली येतो आणि त्याच नुकसानीला भरपाई मिळत नाही. हवामान जितके बिघडेल तितका विमा कमी, असे हे गणित आहे. याचा विचार करताना मला झोप लागत नाही, कारण माझा मुलगा शेतीच करायची म्हणतो आहे आणि त्याला काय सांगावे ते कळत नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात मात्र पाऊस असा झाला की यंत्र कुठेही असते तरी नोंद झालीच असती. सरकारने ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. कोरडवाहूला हेक्टरी साडेआठ हजार आणि रब्बीच्या बियाण्यासाठी दहा हजार. मदतीला मी नावे ठेवणार नाही, ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांना तिचा मोठा आधार होता. फक्त लेखकांनी एकदा माझ्याबरोबर बसून हिशेब करावा. बियाणे, खत, दोन फवारण्या, काढणीचा गुत्ता, मळणी धरून सोयाबीनचा खर्च एकरी पंधरा-वीस हजारांच्या घरात जातो. हेक्टर म्हणजे अडीच एकर. राहिलेले पीक कापून बनीम, म्हणजे ढीग, लावली, तर वरून पुन्हा पाऊस. ताडपत्री उचलली तेव्हा आतून वाफ निघत होती आणि दाणे काळे पडलेले होते. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, पण खरेदी केंद्रावर बारा टक्क्यांवर ओलावा चालत नव्हता. आडतीवर डागी माल म्हणून ज्या भावाने दिला तो इथे लिहायची इच्छा नाही.

भावावरून आणखी एक सांगायचे आहे आणि ते थेट आपल्यालाच. आपल्या अंकात बाजार समित्यांच्या भावांची चौकट यायची. लातूर, उदगीर, जालना, किमान, कमाल, सर्वसाधारण. मागच्या काही महिन्यांपासून ती बंद झाली. चौकशी केली तर ॲपवर पाहा म्हणाले. आमच्या रानात रेंज नाही आणि माझ्यासारखे कितीतरी जण पारावर बसून पेपरातला भाव बघून गाडी भरायची की नाही ते ठरवत होते. आदल्या दिवशीचा का असेना, छापलेला भाव हातात असला की आडत्याशी बोलताना जोर असतो. त्या जागेवर आता सोन्याच्या दुकानाची जाहिरात येते. जाहिरातीशिवाय पेपर चालत नाही हे मान्य आहे, पण ही चौकट शेतकरी वर्गणीदाराचा हक्क होती.

तेव्हा विनंती एवढीच. बाजारभाव पुन्हा छापा. आणि पावसाळ्यात त्याच्याखाली जिल्ह्यातल्या साठही मंडळांचा रोजचा पाऊस छापा. ज्या गावात शाळेने किंवा ग्रामपंचायतीने स्वतः पाऊस मोजला असेल त्या गावाचा आकडा त्याच्या शेजारी द्या. दोन आकड्यांतली तफावत महिनाभर छापून आली तर कुणाला तरी उत्तर द्यावेच लागेल. आमचे गुरुजी रोज सकाळी साडेआठचा आकडा कळवायला तयार आहेत, त्यांना विचारूनच हे लिहीत आहे.

आपला,
एक अल्पभूधारक शेतकरी
ता. निलंगा, जि. लातूर
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती)