मँगनीज उत्प्रेरकाच्या दाण्यांबाबत तक्रार : तपकिरी टिपके, फुगलेल्या गोण्या आणि आपल्या तांत्रिक विभागाचा सल्ला

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक
(प्रत : प्रमुख, तांत्रिक सेवा विभाग)

विषय : विरंजक डिटर्जंटसाठी पुरवलेले उत्प्रेरकाचे दाणे नमुन्याप्रमाणे नसणे, त्यामुळे झालेले नुकसान व भरपाई

महोदय,

आज दुपारी आपल्या तांत्रिक सेवा विभागाशी जे बोलणे झाले, त्यानंतर फोनवरून काही निष्पन्न होईल ही आशा आम्ही सोडली आहे; म्हणून हे पत्र थेट आपल्याकडे. माल आपलाच असल्याने त्याची ओळख करून देण्याची गरज नसावी, असे गृहीत धरतो. आपल्या विभागाशी बोलताना मात्र ते गृहीत धरता आले नाही.

लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीतला आमचा लहान कारखाना चिपळूणपासून गोव्यापर्यंतच्या हॉटेलांच्या लाँड्र्यांना पांढऱ्या कपड्यांची पावडर पुरवतो. या लाँड्र्यांत इंधन वाचवण्यासाठी धुलाई बहुतेक थंड पाण्यातच होते. पाण्यात सक्रिय ऑक्सिजन सोडणारे विरंजक, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, नुसते असेल तर थंड पाण्यात चहाच्या डागापुढे हतबल असते, आणि त्याला जोर देणारे टीएईडी हे रसायन घातले तरी त्याचा खरा उपयोग 40 अंशांच्या आसपास सुरू होतो. म्हणूनच आम्ही, किंमत पाहून दोनदा विचार करूनही, थंड पाण्यातही विरंजन घडवणारे आपले मँगनीज उत्प्रेरकाचे दाणे निवडले. हिवाळ्यात आपण पाठवलेला नमुना उत्तम होता : टणक, एकसारखा फिकट गुलाबी, बोटांत चोळला तरी रंग न सोडणारा. आमच्या खरेदी आदेशात 'नमुन्याप्रमाणे' हा शब्द त्या नमुन्याकडे पाहूनच लिहिला होता.

पावसाळ्याच्या तोंडावर जो माल आला, त्याच्या ड्रमांची सील शाबूत होती. आत मात्र कडेला ढेकळे धरलेली होती, आणि त्यातला दाणा चिमटीत दाबला की त्याचा भुगा होऊन बोटे गुलाबी होत होती. दाण्याचा रंग बोटाला लागतो याचा अर्थ उत्प्रेरक आवरणाबाहेर आला आहे, हे आपल्याला सांगायला नको. आम्ही त्याच दिवशी कळवले. आपल्या विभागाचे उत्तर लेखी आहे : 'दिसण्यात किंचित फरक असू शकतो, कार्यक्षमतेत नाही.' या भरवशावर माल वापरला गेला.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्या विभागाला ते वारंवार सांगून झाले आहे. तयार पावडरीच्या गोण्या गोदामात फुगल्या. एक गोणी उघडून हात घातला तर मधली पावडर कोमट लागली आणि तिच्यात दाण्यांभोवती तपकिरी वलये दिसली. परकार्बोनेटमधला सक्रिय ऑक्सिजन धुलाईच्या पाण्यात सुटायचा तो आमच्या गोदामातच सुटत होता. आधी गेलेल्या गोण्यांतल्या पावडरीने धुतलेल्या चादरींवर टाचणीच्या डोक्याएवढे तपकिरी टिपके आले, आणि काही धुण्यांनंतर नेमक्या त्या टिपक्यांच्या जागी कापड विरले. ज्या चादरीच्या पांढरेपणासाठी आम्ही आपल्याला पैसे मोजले, तिची चाळण करून मिळाली.

आपल्या प्रतिनिधींनी आधी दोष आमच्या पाण्यातल्या लोहाला दिला. त्यांच्या समाधानासाठी टिपके असलेला कापडाचा तुकडा सौम्य आम्लात भिजवून त्यावर पोटॅशियम फेरोसायनाइडचे थेंब टाकले. निळा रंग आला नाही. शेजारच्या टिपक्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकताच तो फसफसला. हे लोह नसून मँगनीजचे ऑक्साइड आहे, आणि त्या कपड्यापर्यंत मँगनीज पोहोचण्याचा आमच्या माहितीतला एकमेव मार्ग आपल्या ड्रमातून जातो.

आता आजच्या संभाषणाविषयी. मी एकच प्रश्न विचारला होता : या बॅचमध्ये बाइंडर, म्हणजे दाणा बांधून ठेवणारा पदार्थ, बदलला आहे का? उत्तर आले, "ते गोपनीय आहे." मी म्हटले, नाव सांगू नका, बदलला की नाही तेवढेच सांगा. त्यावर मला थांबवून ठेवण्यात आले, आपल्या कंपनीच्या गुणवत्तेची ध्वनिफीत बराच वेळ ऐकवण्यात आली, आणि मग ते गृहस्थ परत येऊन म्हणाले, "तुमच्याकडे पाऊस फार असतो ना?" मी म्हटले, कोकणात असतो. "मग साहेब तेच कारण आहे. हवा दमट आहे, त्याला आम्ही काय करणार?" मी विचारले, मग आता या मालाचे काय करायचे? ते म्हणाले, "तपकिरी झालेले दाणे चाळून बाजूला काढा आणि उरलेले वापरा." तपकिरी आणि गुलाबी दाणा एकाच आकाराचा असताना कोणत्या मेशची चाळणी लावायची, असे विचारल्यावर क्षणभर शांतता पसरली. नंतर ते पूर्ण गांभीर्याने म्हणाले, "मग हाताने निवडून घ्या." अर्ध्या मिलिमीटरचा दाणा, ड्रमच्या ड्रम, आणि तांदळातले खडे निवडावेत तसे आमच्या कामगारांनी ते निवडत बसायचे! हे संभाषण 'प्रशिक्षणासाठी' ध्वनिमुद्रित होत असल्याचे सुरुवातीलाच सांगण्यात आले होते. ते खरोखरच प्रशिक्षणासाठी वापरावे, ही विनंती.

महोदय, दमट हवेत आणि परकार्बोनेटच्या शेजारी टिकावा म्हणूनच उत्प्रेरकाचा दाणा करतात. कोरड्या हवेतच टिकणारी वस्तू हवी असती तर आम्ही नुसती पूड घेतली असती. उत्प्रेरकातला, तीन नायट्रोजन असलेल्या रेणूच्या कड्यात धरलेला मँगनीज त्या कड्यात आहे तोवर उपयोगाचा. ओलावा आणि परकार्बोनेटचा अल्क मिळून त्याला कड्यातून सोडवतात, त्याचे तपकिरी ऑक्साइड होते आणि ते ऑक्साइड पेरॉक्साइडचे विघटन आणखी भडकवते. वाहक, बाइंडर आणि आवरण ही सगळी यातायात उत्प्रेरक आणि परकार्बोनेट हे दोघे गोणीत भेटू नयेत यासाठीच असते. ती भेट आपल्या दाण्याने घडवून आणली.

आमचा संशय बाइंडरवर का आहे, तेही सांगतो. जपून ठेवलेल्या नमुन्यातले दाणे आणि या बॅचमधले दाणे बंद परीक्षानळ्यांत घालून त्या एकाच पाणबाथात 50 अंशांवर ठेवले. नमुन्यातले टणकच राहिले. या बॅचचे मऊ पडून नळीच्या काचेला चिकटले. बाइंडर म्हणून वापरतात त्या पॉलिएथिलीन ग्लायकॉलची 6000 ही प्रत साधारण 60 अंशांवर वितळते आणि 1500 ही 45 अंशांच्या आसपास, हे आपल्या खरेदी विभागालाही ठाऊक असेल. मे महिन्यात मुंबई-गोवा महामार्गावर कोंडीत उभ्या राहिलेल्या ट्रकच्या हौद्यात यातली कोणती प्रत तग धरेल, हे ठरवायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. बाइंडर बदलला नसेल तर तसे लेखी कळवा. गोपनीयतेच्या आड आपण नेमके काय जपत आहात, हे आम्हाला अजून कळलेले नाही.

या धंद्यातल्या कोणालाही 1994 साल आठवावे. युनिलिव्हरने युरोपात मँगनीज उत्प्रेरकाची पावडर आणली, प्रॉक्टर अँड गॅम्बलने विरलेल्या कपड्यांची छायाचित्रे जगापुढे ठेवली, उत्प्रेरकाचे प्रमाण कमी करूनही निभावले नाही आणि पुढच्याच वर्षी तो माल मागे घ्यावा लागला. पुढे हेच उत्प्रेरक भांडी धुण्याच्या यंत्रांच्या वड्यांत निमूटपणे रुळले, कारण काचेच्या पेल्याला सुताचा धागा नसतो. एवढा इतिहास समोर असताना कापडासाठी हा दाणा विकणाऱ्याने आवरणात काटकसर करावी, आणि वर ग्राहकाला चाळणी सुचवावी, याचे आश्चर्य कमी आणि वाईट जास्त वाटते. आपल्या माहितीपत्रकातले 'उष्ण व दमट हवामानासाठी विशेष' हे शब्द वाचूनच आम्ही इतर पुरवठादारांना नकार दिला होता.

आमची मागणी अशी आहे. या बॅचचा सर्व शिल्लक माल आपल्या खर्चाने परत न्यावा आणि त्याची पूर्ण किंमत परत करावी. खराब झालेल्या पावडरीची व लाँड्र्यांनी आमच्याकडून वसूल केलेल्या चादरींची भरपाई द्यावी. देयकांच्या प्रती सोबत आहेत. बॅचच्या पृथक्करण अहवालात आर्द्रतेचा आकडा आहे, पण उष्ण व दमट हवेत परकार्बोनेटसोबत ठेवल्यावर सक्रिय ऑक्सिजन किती उरतो याचा आकडा नाही, तो द्यावा. चाचणी झालीच नसेल तर तसे लिहून द्यावे.

खरेदी व्यावसायिक असल्याने आम्हाला ग्राहक आयोगाकडे जाता येणार नाही, अशी आठवण आपल्या विक्री अधिकाऱ्यांनी मध्यंतरी आपणहून करून दिली होती. त्यांचे आभार. मालविक्री अधिनियम, 1930 मधले कलम 17 नमुन्यावरून झालेल्या विक्रीबाबत आहे आणि पुरवलेला माल गुणवत्तेत नमुन्याशी जुळला पाहिजे असे ते सांगते. त्यासाठी दिवाणी न्यायालय पुरेसे आहे. नमुन्याचे व बॅचचे दाणे आम्ही मोहोरबंद ठेवले आहेत आणि आमचे वकील नोटिशीचा मसुदा तयार करत आहेत.

पाहणीसाठी माणूस पाठवायचा असल्यास तो दाणे तयार करणाऱ्या विभागातला असावा. गोदाम सकाळी नऊपासून उघडे असते. फुगलेल्या गोण्या शेडबाहेर मोकळ्या हवेत वेगळ्या रचून ताडपत्रीखाली ठेवल्या आहेत, त्यांच्याजवळ कोणी विडी ओढू नये.

आपला,
भागीदार,
डिटर्जंट उत्पादक, लोटे परशुराम, ता. खेड, जि. रत्नागिरी