गाळ फोर-बाय-फोरला जुमानत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणाऱ्या गाड्या घेऊन सह्याद्रीत मासेमारीला आणि मुक्कामाला जाण्याविषयीचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत आला. लेख वाचनीय आहे. त्यासोबतच्या छायाचित्रात मात्र गाडीची पुढची चाकं धरणाच्या पाण्यात आहेत आणि मागे चार हातांवर तंबू. हे छायाचित्र पाहून येत्या शनिवारी काही गाड्या भाटघर, पानशेत, मुळशीच्या फुगवट्यात उतरतील आणि त्यातल्या एक-दोन ट्रॅक्टरच्या दोरीला बांधून वर येतील. म्हणून हे पत्र.

धरण तुडुंब भरल्यावर पाणी जिथवर चढतं, तिथे उन्हाळ्यात स्पष्ट रेघ दिसते. रेघेच्या वर करवंदी, घाणेरी, वाळलं गवत, मुरूम. रेघेखाली उघडी, मातकट, भेगाळलेली जमीन. गाडी या रेघेवर थांबवायची. खाली उतरायचं ते पायी, काठी आणि डबा घेऊन. एवढं पाळलं तर या पत्रातला निम्मा मजकूर वाचायची गरज नाही.

रेघेखालची जमीन फसवी असते, कारण ती दर पावसाळ्यात नव्याने साचते. मार्च-एप्रिलमध्ये तिचा वरचा पापुद्रा विटेसारखा वाजतो. भेगेत बोट घालून पाहा. दोन पेरांपर्यंत माती कोरडी असते, तिसऱ्या पेराला गार लागते आणि बोट बाहेर काढलं की नखात काळं लोणी येतं. त्या पापुद्र्यावरून माणूस चालतो, कुत्रं पळतं. दीड-पावणेदोन टनाची गाडी गेली की चार चाकांखाली चार ठिकाणी तो एकदम फुटतो. जिप्सी टनाच्या आसपास भरते, म्हणून ती कधीकधी वरच्या वर निघून जाते आणि तिच्या चाकोरीवर विसंबून मागून आलेली बोलेरो कॅम्पर पिकअप गाळात बसते. पारख करायची असेल तर पाण्यावर आलेल्या म्हशींचे खूर बघा. खुराचा ठसा मुठीपेक्षा खोल असेल तर पुढे जाऊ नका. खूर दिसत नसतील तर तंबूची खुंटी अंगठ्याने दाबा. वीतभर सहज गेली तर तिथे गाडीचं काम नाही.

आता ‘पण आपली फोर-बाय-फोर आहे’ या मुद्द्याकडे येतो. जुन्या महिंद्रा जीप, जिप्सी, बोलेरो कॅम्परची फोर-व्हील आवृत्ती या सगळ्यांत लिव्हर ओढल्यावर ताकद पुढच्या आणि मागच्या धुरीला जाते. पण प्रत्येक धुरीवरचं डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा गोळा) साधं, म्हणजे उघडं, लॉक नसलेलं असतं. ज्या चाकाला पकड नाही, ते गरगर फिरतं आणि पलीकडचं चाक उभं राहतं. गाळात पुढचं एक आणि मागचं एक अशी दोन चाकं फिरत राहतात आणि फिरता फिरता स्वतःची कबर खणतात. डिफरन्शियलचा गोळा जमिनीला टेकला की खेळ संपला, कारण गाडीचं वजन चाकांवरून उतरून गोळ्यावर येतं. त्यानंतर ॲक्सिलरेटर दाबणं म्हणजे नुसतं डिझेल जाळणं. चाक एकदा फिरलं, गाडी पुढे सरकली नाही, की त्याच क्षणी पाय काढायचा. इथे घालवलेले दहा सेकंद पुढचे चार तास खातात.

अडकल्यावर पुढे जायचा विचार सोडून द्यावा. ज्या चाकोरीतून आलो, ती दाबली गेलेली असते, तिनेच मागे जायचं. आधी टायरची हवा कमी करा. बत्तीस पीएसआय असेल तर वीसवर आणा. ट्यूब असलेल्या टायरला अठराच्या खाली जाऊ नका, कारण टायर रिमवर फिरतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून तुटतो. मग फावड्याने गोळ्याखालची माती काढा आणि प्रत्येक चाकाच्या मागे उतरता चर खणा, हातभर लांबीचा. चरात घाणेरीच्या फांद्या, सपाट दगड, गोणपाट, जे मिळेल ते चाकाखाली घुसेल असं कोंबा. गाडी लो-रेंजमध्ये (कमी वेग, जास्त जोर देणाऱ्या गिअरजोडीत) घ्या, रिव्हर्स टाका, क्लच सावकाश सोडा आणि ॲक्सिलरेटरला हात लावल्यासारखा पाय ठेवा. पुढेच काढायची वेळ आली तर लो-रेंजचा पहिला नव्हे, दुसरा गिअर. पहिल्यात जोर इतका येतो की चाक लगेच निसटतं. जॅक लावायचा झाला तर त्याखाली फूटभर लांब-रुंद, दीड इंच जाड फळी हवीच. बाटली जॅक गाळात गाडीला न उचलता स्वतःच खाली जातो.

ट्रॅक्टर बोलवावा लागला तर दोर चेसिसच्या हुकाला किंवा डी-शॅकलने (डी आकाराच्या लोखंडी कडीने) चेसिसला बांधा. बंपर, टाय-रॉड (स्टिअरिंगची चाकांना जोडणारी दांडी), पाट्याचा (लीफ स्प्रिंगचा) शॅकल यांना कधीही नाही. टाय-रॉड वाकला की गाडी निघते आणि मग रस्त्याने सरळ जात नाही. दोर ताणला जाईपर्यंत ट्रॅक्टर रांगत राहिला पाहिजे, सैल दोराला हिसका द्यायचा नाही. दोरावर मधोमध ओली गोधडी किंवा ताडपत्री टाका, म्हणजे तुटला तर चाबकासारखा उडत नाही. बघ्यांना दोराच्या दीडपट लांब उभं करा. मोबाइलवर चित्रीकरण करणारा सगळ्यात आधी जवळ येतो.

आणखी एक गोष्ट, जी लेखात अजिबात नाही. रेघेखालची ही जमीन ओसाड नसते. पाणी उतरेल तशी पाटबंधारे खात्याकडून ती एका हंगामासाठी गाळपेरीला दिली जाते. हरभरा, गहू, वाल उभा असतो, नाहीतर नांगरून ठेवलेलं रान असतं. त्यातून गाडीने काढलेली चाकोरी त्या शेतकऱ्याच्या घासावरून गेलेली असते. गंमत अशी की, गाडी ओढायला ट्रॅक्टर त्याच्याचकडे मागायला जावं लागतं. तो देतोही बहुतेक वेळा.

गाडीच्या तयारीबद्दल लेखात ‘सर्व्हिसिंग करून घ्या’ एवढंच आहे. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीला ते पुरत नाही. ज्या गाडीला पुढची चाकं धुरीच्या शाफ्टला जोडणारे किंवा सोडणारे, हाताने फिरवायचे फ्री-व्हील हब आहेत, त्यांतलं ग्रीस सुकून हब अर्धवट बसतात. पुढचं चाक जॅकवर उचला. हब ‘फ्री’वर असताना चाक हलकं फिरलं पाहिजे, ‘लॉक’वर टाकल्यावर आतला शाफ्ट सोबत फिरतानाचा जडपणा हाताला कळला पाहिजे. दोन्ही बाजूंचे हब एकाच स्थितीत हवेत. एक लॉक आणि एक फ्री राहिला तर सगळी ताकद मोकळ्या बाजूने निघून जाते आणि पुढची धुरी नावापुरती उरते. मालक मात्र फोर-बाय-फोर लावल्याच्या समाधानात असतो.

टायर चारही एका मापाचे आणि साधारण सारख्या झिजेचे असावेत. या गाड्यांना मधलं डिफरन्शियल नसतं, त्यामुळे डांबरी रस्त्यावर फोर-बाय-फोर लावून वळण घेतलं की पुढच्या आणि मागच्या चाकांनी कापलेल्या अंतरातला फरक जिरायला जागा उरत नाही. तो पीळ ट्रान्स्फर केसमध्ये, म्हणजे दोन्ही धुरींना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीत साठतो, लिव्हर टू-व्हीलमध्ये परत येत नाही. अशा वेळी लिव्हरला लाथ मारू नका. गाडी दहा-पंधरा फूट सरळ रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो.

जीप आणि जिप्सीला पुढेमागे पाटेच असतात. पाट्याचे यू-बोल्ट नवे टाकले असतील तर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर परत आवळावे लागतात. ते सैल राहिले की मधला सेंटर बोल्ट एका खड्ड्यात कापला जातो, धुरी मागे सरकते आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. एक सेंटर बोल्ट, दोन यू-बोल्ट आणि त्यांना बसणारा पाना गाडीत ठेवला तर धनगरवाड्याच्या वाटेवरही तासाभरात काम होतं.

धुरीच्या हाउसिंगवर छोटा ब्रीदर (आतली हवा ये-जा करायचं छिद्र) असतो, तो चिखलाने बुजलेला असतो असं समजूनच चाला. दगडी वाटेवर तापलेला गोळा ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ऑइल सीलमधून पाणी खेचलं जातं. परत आल्यावर ड्रेन प्लग सैल करून चार थेंब ऑइल बोटावर घ्या. चहासारखं दुधाळ दिसलं तर सगळं काढून नवं ईपी-९० गिअर ऑइल भरा. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंच बांधली की हा त्रास मिटतो. ओढा ओलांडायचा तर आधी स्वतः चालून पाहा. वाहतं पाणी गुडघ्याला लागलं तर परत फिरा. पलीकडे गेल्यावर ब्रेक हलका दाबत शंभरेक पावलं चालवा, कारण ओल्या ड्रमला पकड नसते आणि पुढे उतार असतोच.

डिझेल इंजिनाचा नेहमीचा आजार म्हणजे लाइनमध्ये हवा. चढावर टाकीत डिझेल कमी असलं की ती शिरते. फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) दोन आटे सैल करा, हातपंप मारत राहा. आधी फेस येतो, मग अखंड धार. धार आली की पंप दाबलेला ठेवून स्क्रू आवळा. हे जुन्या यांत्रिक पंपांसाठी आहे, नव्या सीआरडीई (कॉमन रेल) इंजिनाच्या प्रेशर लाइनला रानात हात लावू नये. मुक्कामाला गाडी उताराकडे तोंड करून, चाकाला दगड लावून उभी करावी. रात्रभर तंबूतला दिवा गाडीच्याच बॅटरीवर चालतो आणि सकाळी सेल्फ नुसता टक् करतो. उतार असेल तर सेकंड गिअरवर गाडी सुरू होते.

कॅम्परवाल्यांसाठी एक सूचना. मागचा हौदा रिकामा असेल तर मागची चाकं हलकी होऊन मुरमावरसुद्धा घसरतात. वीस-वीस लिटरचे दोन पाण्याचे कॅन केबिनच्या पाठीला टेकवून रॅचेट पट्ट्याने बांधा. हौद्याच्या मागच्या फळक्याजवळ ठेवू नका. छतावर तर काहीच नको.

मुक्कामाची जागा ओढ्याच्या पात्रात कधीही नसावी. मे महिन्यात इथे आकाश निरभ्र असतं आणि डोंगराच्या माथ्यावर वळीव कोसळत असतो. धरणाखालच्या नदीत उतरलात तर विसर्गाचा भोंगा हा विनोद समजू नका. तंबूत कोळशाची शेगडी घेऊ नये, थंडी कितीही असो.

मासेमारीबद्दल थोडंच. धरणातल्या मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतात. आधी गावात विचारा, ठरलेलं द्या. पाण्यावर रिकाम्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे ओळीने तरंगताना दिसले तर खाली जाळं आहे. त्यावरून गळ टाकला तर जाळं फाटतं आणि तुमचा दोरही जातो. कटला-रोहूसाठी कणीक आणि शेंगदाण्याची पेंड तीनास एक मळा, गोळा लिंबाएवढा नको, आवळ्याएवढा. मरळ पाणवनस्पतीच्या कडेला मिळते, जिथे ओढा धरणात शिरतो तिथे पहाटे शिंगाळा. चिलापी कुठेही लागते आणि कितीही खाल्ली तरी कुणाची हरकत नाही. महसीर लागला तर ओल्या हाताने गळ काढून सोडून द्यावा. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांचं केंद्र १९७०च्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवून पाण्यात सोडत आलं आहे. कोयनेचा शिवसागर आणि भंडारदऱ्याच्या वरचं रान हे अभयारण्यात आहे. तिथे वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय मुक्काम आणि गळ दोन्ही नको.

कागदपत्रांकडेही लक्ष हवं. पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या खासगी गाडीची नोंदणी नव्याने करून घ्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. ती पावती आणि पीयूसी गाडीतच ठेवा. मूळ मापापेक्षा मोठे टायर, उंच केलेले पाटे, पुढचा लोखंडी गार्ड यांची लेखात स्तुती आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ नोंदीबाहेरचे बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच पुन्हा सांगितलं आहे. शिवाय मोठ्या टायरने गाळातली चाकोरी फक्त रुंद होते.

पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा गाडी करवंदीच्या जाळीपाशी उभी आहे आणि माणसं काठ्या घेऊन खाली चालत निघाली आहेत, असं छायाचित्र द्यावं, ही विनंती.

आपला,
एक वाचक, भोर