सागरी टाकीत आधी पाणी मुरू द्या, मग मासे आणा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत घरसजावटीच्या पानावर खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयांविषयी आलेला लेख वाचला. टाकीचे माप, दिव्यांचे रंग आणि येणारा खर्च यांची त्यात चांगली माहिती होती; मात्र ज्या जिवांमुळे दिवाणखान्याला ही शोभा यायची, ते मासे आणि प्रवाळ काचेआड जगणार कसे, याबद्दल दोन ओळींपलीकडे काही नव्हते. डोंबिवलीतील घरात अशी टाकी मी बरीच वर्षे सांभाळत आहे आणि मोठ्या हौसेने घेतलेली टाकी काही महिन्यांतच रिकामी करून विकायला काढणारी कुटुंबेही पाहिली आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

बहुतेक टाक्या घाईपायी बंद पडतात. टाकी, मीठ, रेती, दगड आणि मासे एकाच दिवशी घरी येतात, संध्याकाळी दिवे लागतात आणि आठवडाभरात पहिला मासा तळाशी पडतो. माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात सतत अमोनिया उतरत असतो. त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू दगडांच्या बारीक छिद्रांत वाढावे लागतात, आणि त्यांची पुरेशी वाढ होण्यास साधारण चार ते सहा आठवडे जातात. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ असल्यामुळे त्यात अमोनिया गोड्या पाण्यातल्यापेक्षा अधिक घातक ठरतो, हे गोड्या पाण्याच्या टाकीची सवय असलेल्यांच्या सहसा लक्षात येत नाही. त्यामुळे टाकी भरल्यावर तिच्यात कोळंबीचा एखादा तुकडा सोडावा (तो कुजून निघणाऱ्या अमोनियावर हे जिवाणू वाढतात), टेस्ट किटने तपासणी करत राहावे आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन टिकेपर्यंत एकही जीव आणू नये. तोवर रिकामी टाकी पाहत बसावे लागते, पण त्याला पर्याय नाही.

पाणी कुठून आणायचे, हा पुढचा प्रश्न. चौपाटीवरून पाणी भरून आणणारे अजूनही भेटतात. आपल्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते आणि पावसाळ्यात त्याचा खारेपणाही घसरतो, तेव्हा तो मार्ग सोडून द्यावा. नळाचे पाणीही थेट चालत नाही, कारण त्यात क्लोरिन, नायट्रेट आणि फॉस्फेट असू शकतात. स्वयंपाकघरातील आरओ यंत्राचे पाणी चालेल, असे दुकानदार सर्रास सांगतात. परंतु अनेक घरगुती यंत्रांत चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर बसवलेला असतो आणि तो थोडे कच्चे पाणी पुन्हा शुद्ध पाण्यात मिसळतो. साधा टीडीएस मीटर बुडवून पाहिला की हे कळते. आरओनंतर उरलेले क्षार शोषून घेणारे डीआय कार्ट्रिज जोडून आकडा शून्यापर्यंत आणावा आणि मगच त्यात मीठ कालवून खारेपणा रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजण्याच्या उपकरणावर) ३५ ला, म्हणजे हजारात ३५ भागांवर, आणावा.

आपल्या हवामानात खरी कसोटी लागते ती उन्हाळ्यात. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशावर तयार केलेल्या अन्नातील मोठा वाटा ते प्रवाळाला देते. पाणी नेहमीच्या मर्यादेपेक्षा एक-दोन अंशांनी वर जाऊन तसेच काही आठवडे राहिले, की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि हळूहळू उपाशी मरतो. १९९८ आणि २०१६ मध्ये लक्षद्वीपच्या प्रवाळभित्तींवर जे झाले, तेच चैत्र-वैशाखात बंद खोलीतील टाकीत होते, कारण बाहेरच्या उष्म्यात पंप आणि दिव्यांच्या उष्णतेची भर पडते. तापमान २५ ते २७ अंशांत ठेवावे. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत पाण्यावर वारा सोडणारा छोटा पंखा दोन-तीन अंश सहज उतरवतो. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत पाणी तितके उडत नाही, म्हणून तिथे पंख्यावर भिस्त ठेवता येत नाही आणि पाणी थंड करणाऱ्या चिलरचा खर्च आधीच हिशेबात धरावा लागतो.

पंखा लावला की दुसरी काळजी सुरू होते. पाणी उडते, मीठ मागे राहते. दोनशे लिटरच्या टाकीतून दहा लिटर पाणी उडाले तर ३५ चा खारेपणा जवळपास ३७ वर जातो. ही तूट मिठाच्या पाण्याने भरून काढणारे लोक आहेत, आणि त्यांच्या टाकीतील प्रवाळ का आक्रसले याचे त्यांना नवल वाटते. भर नेहमी गोड्या आरओ पाण्याचीच घालावी, तीही रोज थोडी थोडी. सम्पच्या, म्हणजे गाळणी आणि पंप असलेल्या जोडटाकीच्या, काचेवर मार्करने एक रेघ ओढून ठेवली आणि सकाळी चहा ठेवताना पाणी त्या रेघेपर्यंत आणले, तरी बरेच साधते. कॅल्शियम ४२० पीपीएमच्या (दशलक्ष भागांत ४२० भागांच्या) आसपास, अल्कलिनिटी (पाण्याची पीएच टिकवून धरण्याची क्षमता) ८ ते ९ डीकेएच या मापात, असे आकडे पुस्तकांत असतात आणि ते बरोबरही आहेत. पण अल्कलिनिटी आज ७ आणि उद्या ११ असण्यापेक्षा ती महिनोन्महिने साडेसातवर स्थिर राहणे प्रवाळाला कितीतरी अधिक मानवते. आकडा गाठण्याच्या नादात एकाच दिवशी बाटलीभर रसायन ओतू नये.

हा धीर माझ्या मते औषधांच्या बाबतीत सर्वांत आधी सुटतो. लेदर कोरल नावाचा मऊ प्रवाळ अधूनमधून आपले सगळे पॉलिप, म्हणजे फुलासारखी उघडणारी बारीक तोंडे, आत ओढून घेतो, त्याचा माथा गुळगुळीत होतो, त्यावर मेणासारखी चकचकीत साय धरते आणि काही दिवस तो मेल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो कात टाकत असतो. टाकीतले पाणी खेळते ठेवणाऱ्या वेव्हमेकरचा प्रवाह त्याच्या अंगावरून जाईल एवढे पाहिले, की ती साय फाटून निघून जाते आणि पॉलिप पुन्हा फुलतात. नवखा मालक मात्र घाबरून दुकानात जातो आणि कसले तरी औषध घेऊन येतो.

माशांच्या बाबतीत सगळ्यांत जास्त नुकसान पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने होते. मिठाच्या कणांएवढे हे ठिपके काही दिवसांनी नाहीसे होतात आणि मालकाला हायसे वाटते. पण हा रोग करणारा परजीवी तेव्हा माशावरून उतरून रेतीत आणि दगडांवर कोश करत असतो. त्या कोशांतून शेकडो नवी पिल्ले बाहेर पडतात आणि दुसऱ्या खेपेला मासा वाचत नाही. तांब्याचे औषध यावर गुणकारी आहे, पण ते प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायींना मारते, म्हणून मुख्य टाकीत कधीही घालू नये. प्रत्येक नवा मासा वेगळ्या, बिनरेतीच्या साध्या टाकीत किमान चार आठवडे ठेवावा, तो नीट खातो का हे पाहावे आणि गरज पडल्यास उपचार तिथेच करावेत. मुख्य टाकीत रोग शिरलाच, तर सगळे मासे बाहेर काढून ती सुमारे अडीच महिने माशांविना ठेवावी लागते. एका जुन्या बादलीवजा टाकीने हे सगळे टळते.

ज्यांच्या घरात लहान मुले असतील त्यांना आणखी एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. झोआ आणि पॅली या नावांनी विकल्या जाणाऱ्या काही बटणासारख्या पॉलिपांत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते. असे पॉलिप चिकटलेले दगड स्वच्छ करण्यासाठी उकळले आणि ती वाफ श्वासात गेल्याने संपूर्ण कुटुंब रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना परदेशांत घडलेल्या आहेत. हे दगड उकळू नयेत, त्यांवर गरम पाणी ओतू नये आणि हातमोजे व चष्मा घातल्याखेरीज ते हाताळू नयेत.

आपल्या लेखात कायद्याचा उल्लेख राहून गेला, तो मला फार गंभीर वाटला. कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांना २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आले. त्यांची खरेदी-विक्री हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे, आणि शोभेसाठी विकले जाणारे त्यांचे वाळलेले सांगाडेही त्यात येतात. किनारी रस्त्याच्या कामासाठी वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळ २०२० मध्ये रीतसर परवानगी घेऊन दुसरीकडे हलवावे लागले, ते याच संरक्षणामुळे. मालवणच्या समुद्रातून फोडून आणलेला तुकडा कोणी गुपचूप देऊ केला तर तो घेऊ नये, आणि दुकानात असा माल दिसला तर वन विभागाला कळवावे.

माशांमध्ये निवड करण्याची सोय आता आपल्याकडे आहे. क्लाउनफिशचे प्रजनन केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने अनेक वर्षांपूर्वी साध्य केले असून टाकीतच जन्मलेली ही पिल्ले बाजारात मिळतात. ती कोरडे खाणे आनंदाने खातात आणि दगदगीने मरत नाहीत. याउलट, एक फुटापर्यंत वाढणारा ब्लू टँग दोन फुटांच्या टाकीसाठी विकला जातो आणि फक्त प्रवाळाचे पॉलिप खाऊन जगणारे काही फुलपाखरू मासे ‘काहीही खातात’ असे सांगून गळ्यात मारले जातात. असे मासे उपासमारीने मरतात आणि ग्राहक स्वतःला दोष देत राहतो.

म्हणून आपल्याला आणि मत्स्यव्यवसाय विभागाला माझी विनंती आहे की, सागरी मासे विकणाऱ्या प्रत्येक दुकानात माशाच्या टाकीवर मराठीतून तीन गोष्टी लिहिणे बंधनकारक व्हावे: मासा हॅचरीत जन्मलेला आहे की समुद्रातून पकडलेला, पूर्ण वाढल्यावर तो किती मोठा होतो आणि तो काय खातो. आपल्या पुरवणीनेही यापुढे अशा टाक्यांवर लिहिताना हीच माहिती मापे आणि किमतींच्या आधी छापावी.

आपला विश्वासू,
एक वाचक, डोंबिवली