ड्रम सँडरला थेट २२० नंबर लावू नका

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत घरी फर्निचर बनवणाऱ्यांसाठी लेख आला तो वाचला, चांगलाय, सुतारकामावर हल्ली एवढं तरी कोण छापतं. पण त्यातल्या चौकटीत लिहिलंय की ड्रम सँडरला (पॉलिश पेपर गुंडाळलेला ड्रम फिरवून खालून जाणारी फळी घासणारं मशीन) सरळ २२० नंबरचा पॉलिश पेपर चढवला की लाकूड आरशासारखं होतं, तिथं मात्र राहवलं नाही. कारण हा उद्योग मी स्वतः करून बसलोय.

मशीन नवीन होतं, १६ इंची, आणि पहिलीच ऑर्डर सागवानी डायनिंग टेबलाची. बारीक पेपर म्हणजे गुळगुळीत लाकूड, असा माझा साधा हिशेब. दुसऱ्या फळीवर लांबच्या लांब काळा पट्टा पडला, तिसऱ्या फळीला जळका वास, मशीन बंद करून पेपर बघतो तर सागाचं तेल आणि भुसा मिळून त्यावर चकचकीत थर बसलेला, खडे दिसतच नव्हते. आमचे मिस्त्री लांबून बघत होते, एवढंच म्हणाले, "मालक, रंध्यानं एव्हाना झालं असतं."

त्याचं असं आहे की नंबर जितका मोठा तितके खडे बारीक आणि दाटीवाटीनं बसलेले. ८० नंबरचा खडा साधारण ०.२ मिलिमीटरचा, २२० चा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. भुसा सुटला की त्याला खड्यांच्या मधे जागा लागते, ती नसली की तो तिथंच अडकतो, घासून घासून तापतो आणि मग पेपर कापायचं सोडून लाकूड भाजायला लागतो. हातानं घासताना पेपर झटकता येतो, ड्रमवर तो तसाच गरगर फिरत राहतो. सागवानासारखं तेलकट आणि पाइनसारखं राळ असलेलं लाकूड असेल तर विचारूच नका. फळ्या जोडताना बाहेर आलेला फेविकॉल पण आधी पटाशीनं खरवडून काढायचा, नाहीतर तोही गरम होऊन पेपरला चिकटतो.

माझं म्हणणं एवढंच की ड्रम सँडर हे सपाटी आणि जाडी सारखी करायचं मशीन आहे, पॉलिशच्या आधीचं शेवटचं मशीन नाही. जोडाला उंचसखल असेल तर ६० किंवा ८० नं सुरू करा, फळीवर पेन्सिलनं वेड्यावाकड्या रेघा मारा, सगळ्या पुसल्या गेल्या म्हणजे सपाट झाली. मग १२० लावा आणि तिथं थांबा, फार तर १५०. पुढचं काम ऑर्बिटल सँडरचं (हातात धरायचं, गोल गोल घासणारं मशीन), आणि तोसुद्धा १२० पासूनच सुरू करायचा, कारण ड्रम सरळ रेषेत ओरखडे पाडतो, ते आधी त्याच नंबरनं मोडावे लागतात, मग १५०, १८०. मधला नंबर गाळून ८० वरून एकदम १८० ला उडी मारली तर कोऱ्या लाकडावर काही दिसत नाही, पॉलिशचा हात फिरला की ८० च्या रेषा सगळ्या वर येतात, आणि त्या गिऱ्हाइकाला आपल्या आधी दिसतात. टॉर्च आडवा धरून आधीच बघायची सवय लावून घ्या.

एका फेरीत किती काढायचं हेही चौकटीत नाही. ८० वर पाव मिलिमीटरच्या आसपास, १२० वर त्याच्या निम्मं. घाई केली की पेपर जळतो. त्यात पेपर बदलायला माझी दहा मिनिटं जातात, म्हणून सगळ्या फळ्या ८० वर उरकून मगच १२० चढवतो. पेपरची पट्टी ड्रमवर तिरकी गुंडाळताना कडेवर कड चढू द्यायची नाही, चढली की प्रत्येक फळीवर रेघ उमटते. नवीन पट्टी कापायला जुनीच पट्टी मापाला ठेवा. पेपर भरला तर लगेच फेकू नका, मशीन चालू ठेवून क्रेप रबराची कांडी फिरवली की बराच साफ होतो, काळा जळालेला पट्टा मात्र जात नाही.

विनियर (खऱ्या लाकडाचा पातळ थर) लावलेला प्लाय या मशीनमधे घालूच नका, तो थर अर्धा मिलिमीटरच्या आसपास असतो, एका फेरीत आरपार.

आणि मास्क. लेखात त्याचा एक शब्द नाही याचं जास्त वाईट वाटलं. लाकडाची धूळ ही कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं १९९५ सालीच तसं जाहीर केलंय. बारीक नंबरची धूळ डोळ्याला दिसत नाही एवढंच. डस्ट कलेक्टर (धूळ ओढून घेणारं मशीन) जोडल्याशिवाय मी आता मशीन चालूच करत नाही.

जाता जाता एक विचारायचंय. पॉलिश पेपरचा कापडी पाठीचा ३ इंच रुंद रोल सांगली-कोल्हापूर भागात सुट्टा कुठं मिळतो का? हार्डवेअरवाले वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा कागदी पेपर) पुढे करतात, तो ड्रमवर फाटतो. सध्या मी मोठा रोल आणून कापत बसतो. कुणा वाचकाला दुकान माहीत असेल तर याच सदरात कळवा.

आपला,
एक फर्निचरवाला, सांगली